एआय आणि खोट्या प्रचाराच्या मोहिमा: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालन्याच्या मोंढ्यात, नांदेडच्या क्लासबाहेर, अंबाजोगाईच्या एसटी स्टँडवर हा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. ते शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत खाली घेतले आहेत. काही उत्तरं मोठी झाली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

अफवा काय आजच्या आहेत का? एआयने त्यात नवं काय केलं?

अफवा जुनीच. पण अफवा उठणं वेगळं आणि ठरवून महिनोन्महिने खोटं पसरवणं वेगळं. दुसऱ्या कामाला माणसं लागतात, पगार लागतात, लिहिता येणारे हात लागतात. रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ नावाची एक कंपनी होती. तिथे शेकडो माणसं पाळ्यांमध्ये बसून अमेरिकन असल्याचं सोंग करत पोस्टी आणि कमेंटी लिहायची. अमेरिकेच्या न्याय खात्याने फेब्रुवारी 2018 मध्ये 13 रशियन व्यक्ती आणि 3 कंपन्यांवर जे आरोपपत्र ठेवलं, त्यानुसार सप्टेंबर 2016 पर्यंत या उद्योगाचं महिन्याचं बजेट साडेबारा लाख डॉलरच्या वर गेलं होतं. एवढं करूनही त्यांचं इंग्रजी अधूनमधून उघडं पडायचंच.

एआयने हा मजुरीचा खर्च जवळपास पुसून टाकला. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या एका केंद्राने 2021 मध्ये त्या वेळच्या जीपीटी-3 या मॉडेलला, म्हणजे मजकूर लिहून देणाऱ्या एआय यंत्राला, हेच काम देऊन पाहिलं: एकच खोटा मुद्दा शंभर तऱ्हांनी मांड, बातमीला कलाटणी दे, अमक्या गटाला चिथाव. सगळ्यात चांगला माल यंत्राने लिहायचा आणि माणसाने निवडायचा, या जोडीतून निघाला. चीनवर निर्बंध लावावेत का, या प्रश्नावर यंत्राने लिहिलेले आणि माणसांनी निवडलेले मोजके मेसेज लोकांना वाचायला दिले, तेव्हा निर्बंध नकोत म्हणणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट झालं. आणि जीपीटी-3 आज जुनं झालं आहे.

पण आमच्या बोलीत कुठलं यंत्र लिहितंय? ते तर पुस्तकी मराठी लिहितं.

दोन-तीन वर्षांपूर्वी हे बरोबर होतं. “आपण आमचे भाग्यवान विजेता आहात” असं वाचलं की पोरंसुद्धा हसायची. बाहेरून आलेलं खोटं भाषेवरून ओळखू यायचं. मराठीला ते फुकटचं कुंपण होतं म्हणा ना.

ते कुंपण पडलंय, आणि पडण्याचं एक कारण अगदी हिशोबी आहे. ही मॉडेलं मजकुराचे तुकडे पाडून काम करतात, त्यांना टोकन म्हणतात. जितकी टोकन जास्त तितका खर्च जास्त आणि वेग कमी. देवनागरीचे आधी फार तुकडे पडायचे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ हे मॉडेल आणलं तेव्हा स्वतःच आकडे दिले: मराठीतल्या एका नमुना मजकुराला आधी 96 टोकन लागायची, आता 33. म्हणजे मराठीत लिहून घेणं एका झटक्यात तिप्पट स्वस्त झालं. ही सोय शाळेतल्या बाईंना झाली, वकिलाला झाली, तशीच खोटं पेरणाऱ्यालाही झाली.

बोली अजून पक्की जमत नाही, हे खरं. जालन्याकडची लकब ते धाराशिवच्या माणसाच्या तोंडी घालतं, आणि गावरान वाटावं म्हणून वाक्यागणिक एक ‘बरं का’ ठोकून देतं. पण व्हॉट्सॲपवर आपण तरी कुठे शुद्ध लिहितो? चार ओळींच्या मेसेजमध्ये एवढी चूक खपून जाते.

मोहीम नेमकी चालते कशी? एखादं उदाहरण सांगा.

सोयाबीन घ्या. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातलं दुखणं खरं आहे. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. खरेदी केंद्रावर नोंदणी, मेसेजची वाट, वर ओलाव्याची अट. 12 टक्क्यांच्या पुढे ओलावा असला की माल परत. पुढे नोव्हेंबरात केंद्र सरकारने ती मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली. शेतकरी आधीच वैतागलेला.

आता कुणाला तरी एवढंच खोटं पेरायचं आहे: “खरेदी केंद्रं परवापासून कायमची बंद.” पूर्वी एकच मेसेज लिहिला जायचा आणि तोच सगळीकडे फिरायचा. चार ग्रुपवर शब्दन् शब्द तोच मेसेज दिसला की शंका यायची. यंत्राकडून त्याच खोट्याचे वेगवेगळे अवतार मिळतात. लातूरच्या आडतीवर फिरणारा मेसेज आवक, मॉइश्चर आणि गाड्यांच्या रांगेबद्दल बोलेल. गेवराईच्या शेतकऱ्याला तोच मेसेज एखाद्या बाईच्या आवाजात येईल: “दादा, आमच्या मालकांना आज केंद्रावरून परत पाठवलं.” नांदेडला क्लास करणाऱ्या पोराला त्यात बाप आणि कर्ज दिसेल. तिन्हींचे शब्द वेगळे, लिहिणारे वेगळे वाटतात, आणि तिन्हीकडून एकच गोष्ट कानावर आल्यामुळे ती खरी वाटते. तीन वेगळ्या माणसांनी सांगितलं की आपण विश्वास ठेवतो, आणि एरवी त्यात गैर काही नाही. इथे मात्र ती तीन माणसंच नसतात.

पुढचा टप्पा कमेंटींचा. कुणी खाली विचारलं, “केंद्राचं नाव सांगा”, तर त्याला पाच खाती पाच तऱ्हांनी उत्तर देतील. एक चिडेल, एक समजावेल, एक “मी स्वतः पाहून आलो” म्हणेल. हे काम पगारी माणसाला कंटाळवाणं आणि महाग होतं. यंत्राला कंटाळा नाही.

अफवेने परवा भाव आणखी शंभराने पडला तर कुणीतरी त्या शंभरात कमावतं. प्रत्येक मोहिमेमागे राजकारणच असतं असं नाही.

जातीजातीत तेढ लावायला याचा वापर होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि आमच्या मते मराठवाड्याला सर्वात मोठा धोका हाच आहे. नेत्याच्या खोट्या व्हिडिओपेक्षाही.

1 सप्टेंबर 2023 ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्यानंतर गावागावांत काय झालं ते इथल्या माणसाला सांगायला नको. कुठे हॉटेलात बसणं सुटलं, कुठे एकमेकांच्या दुकानातला किराणा सुटला, आणि मोबाइलमध्ये आडनाव पाहून मेसेज वाचायची सवय लागली. आरक्षणाची मागणी, ओबीसींची भीती, शेतीतलं अरिष्ट, पोरांच्या नोकऱ्या हे सगळे खरे प्रश्न आहेत. त्यांच्यावर लोक भांडतील, भांडायलाच पाहिजे. मोहीम चालवणारा प्रश्न निर्माण करत नाही, तो असलेल्या भेगेत पहार घालतो.

दोन्ही बाजूंनी एकच माणूस बोलू शकतो, हे आपल्याकडे फारसं लक्षात घेतलं जात नाही. मे 2016 मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव एकमेकांविरुद्ध उभे राहिले. एकाला ‘हार्ट ऑफ टेक्सास’ या फेसबुक पानाने बोलावलं होतं, दुसऱ्याला ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या पानाने. नंतर उघड झालं की दोन्ही पानं सेंट पीटर्सबर्गच्या त्याच कंपनीची. रस्त्यावरची माणसं खरी, राग खरा, बोलावणारा मात्र एकच आणि हजारो मैलांवर.

तेव्हा त्यासाठी दोन्ही समाजांची भाषा शिकलेली माणसं लागली होती. आज एका बाजूचं आडनाव लावून शिवी लिहा आणि दुसऱ्या बाजूचं लावून तिला उत्तर लिहा, असं यंत्राला सांगितलं की झालं. बडी मॉडेलं अशा कामाला बऱ्याचदा नकार देतात, पण स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवता येणारी खुली मॉडेलंही आहेत, आणि तिथे नाही म्हणणारं कुणी नसतं. इथल्या कुठल्या पक्षाने किंवा संघटनेने असं केलं, असा आमचा आरोप नाही. पण फेसबुकवर एखादं खातं तुमच्या समाजाबद्दल अगदी मोजून-मापून झोंबेल असं लिहीत असेल, आणि त्या माणसाचा गावातला एकही फोटो, एकही लग्न, एकही मयतीची पोस्ट नसेल, तर तो माणूस आहे का, हे आधी पाहा. आपल्याकडे मयतीची पोस्ट न टाकणारं खातं क्वचितच सापडेल.

आवाजाची नक्कल खरंच इतकी सोपी झाली आहे?

हो. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2023 मध्ये वॅल-ई नावाचं संशोधन दाखवलं, त्याला नमुना म्हणून तीन सेकंदांचा आवाज पुरत होता. सरपंचाचं 26 जानेवारीचं भाषण फेसबुकवर असतं, ते किती मिनिटांचं असतं?

आवाजाच्या बाबतीत वेळ सर्वात महत्त्वाची. स्लोव्हाकियात 30 सप्टेंबर 2023 ला मतदान होतं. त्याच्या दोन दिवस आधी, प्रचारबंदीच्या काळात, ‘प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया’ पक्षाचे नेते मिखाल शिमेच्का मतांची खरेदी करण्याबद्दल बोलत असल्याची बनावट क्लिप फिरली. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या आवाजात फोन आले की पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत मत देऊ नका. त्या प्रकरणी अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाने पुढे एका राजकीय सल्लागाराला 60 लाख डॉलरचा दंड केला.

आपल्या राज्यात 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं. आदल्या रात्री बिटकॉइनच्या व्यवहाराबद्दलच्या काही क्लिप बाहेर आल्या, आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे असल्याचा दावा झाला. दोघांनीही तो फेटाळला. तथ्य तपासणाऱ्यांनी त्या यंत्रातून तपासल्या तेव्हा बहुतेक क्लिप एआयने बनवल्या असण्याची दाट शक्यता निघाली. पण तोवर मतदान सुरू झालं होतं. दुसऱ्या बाजूचंही उदाहरण आहे. मे 2024 मध्ये ओपनएआयने जाहीर केलं की स्टॉइक या इस्रायली कंपनीशी जोडलेली काही खाती भाजपवर टीका आणि काँग्रेसचं कौतुक करणारा मजकूर ओपनएआयच्याच मॉडेलकडून लिहून घेत होती, ती बंद केली. त्या मजकुराला फारसा प्रतिसाद मिळाला नव्हता, हेही कंपनीनेच सांगितलं.

पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत शंभर-दोनशे मतांवर निकाल लागतो आणि तिथली क्लिप तपासायला मुंबई-दिल्लीहून कुणी येत नाही. काळजी करायची तर तिथली करा.

मग खरी क्लिप बाहेर आली तरी नेता “एआय आहे” म्हणून सुटेल ना?

सुटायचा प्रयत्न करणारच. बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या अमेरिकन कायदेतज्ज्ञांनी हे आधीच ओळखलं होतं: खोटं बनवता येतं हे लोकांना जितकं कळेल, तितकं खऱ्याला खोटं म्हणणं सोपं जाईल. त्यामुळे “एआय आहे” एवढंच म्हणणाऱ्यालाही पुरावा मागा. मूळ फाइल कुठे आहे, त्या वेळी तुम्ही कुठे होता, तक्रार दिली का?

म्हणजे आता जे जे खोटं दिसतं ते एआयचंच?

नाही. हा गैरसमज काढायलाच पाहिजे. फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाने 2024 च्या मोठ्या निवडणुकांनंतर सांगितलं की त्यांच्याकडे तपासल्या गेलेल्या खोट्या मजकुरात निवडणूक, राजकारण आणि समाज या विषयांवरचा एआय मजकूर एक टक्क्याहून कमी होता. कंपनीने स्वतःबद्दल दिलेला आकडा आहे, थोडा जपूनच घ्या, पण दिशा बरोबर वाटते. जुना फोटो आणि नवी ओळ, हाच अजून सर्वात खपणारा माल आहे.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. त्या दिवसांत देशभर फिरलेला एक व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा कापलेला तुकडा होता. शेवटची पाटी कापली, बस. त्याला एआय लागला नव्हता.

2018 मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवरच्या सुमारे 1 लाख 26 हजार बातम्यांचा अभ्यास आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली, आणि तो फरक बॉटमुळे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्यांमुळे, नव्हता, माणसांमुळे होता. एआय माल बनवून देईल. घरोघर पोचवायचं काम अजून आपलाच अंगठा करतो.

पूर, भूकंप अशा वेळी काय होतं?

तेव्हा माणूस सर्वात लवकर फसतो. सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेड सगळीकडे पाणी शिरलं तेव्हा फोनवर दर मिनिटाला व्हिडिओ येत होते. अशा वेळी जायकवाडीचा बनावट व्हिडिओ बनवायला अडचण नाही. धरणाला 27 दरवाजे आहेत, एवढं माहीत असलेला माणूस निदान मोजून पाहील. विसर्गाचा आकडा जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन देतं, तोच धरा.

भूकंपाचं सोपं आहे. किल्लारीने 30 सप्टेंबर 1993 ची पहाट पाहिली आहे आणि हिंगोली-नांदेड-परभणीकडे 2024 मध्येही धक्के बसले, त्यामुळे “आज रात्री दोन वाजता भूकंप, घराबाहेर झोपा” हा मेसेज इथे लगेच फिरतो. जगात कुठेही भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगता येत नाही. तारीख दिली आहे म्हणजेच खोटं.

एआयने केलेलं ओळखायचं कसं? बोटं मोजायची का?

बोटं मोजायचे दिवस गेले. सहा बोटं, न लवणाऱ्या पापण्या, वाकडेतिकडे दात या खुणा मॉडेलं सुधारली तशा जात राहिल्या. लिखित मजकुरात तर खूण शोधणं जवळजवळ व्यर्थ आहे. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये मजकूर ओळखणारं साधन आणलं, ते एआयने लिहिलेल्यापैकी 26 टक्केच पकडायचं. जुलैत ते बंद केलं. ज्यांनी मॉडेल बनवलं त्यांची ही गत.

म्हणून दिसण्यावर जाऊ नका, उगमावर जा. पहिल्यांदा कुणी टाकलं? कुठल्या गावाचं म्हणतंय? आणि इथे मराठवाड्याकडे एक हत्यार आहे ज्याची किंमत आपल्याला नाही. आपली सोयरिक दर तालुक्यात आहे. वसमतला दंगल झाली म्हणे, तर वसमतला आत्याचं घर आहे, लावा फोन. “आत्या, बाहेर काय चाललंय?” “काही नाही रे, भाजी निवडतेय.” एवढ्याने काम होतं. पोलीस पाटील, तलाठी, तिथला स्थानिक बातमीदार, कुणीही चालेल, फक्त त्या जागेवरचा माणूस हवा आणि त्याने तेच फॉरवर्ड वाचलेलं नको.

फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाका, जुना फोटो बऱ्याचदा तिथेच पकडला जातो. क्लिप असेल तर पूर्ण भाषण शोधा. आणि “लगेच पाठवा, उद्या डिलीट होईल” असं लिहिलं असेल तर रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी तो मेसेज सहसा तिथेच असतो.

व्हॉट्सॲपने याबाबत काही केलं नाही का?

केलं, तेही आपल्याकडच्या हत्यांनंतर. जुलै 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आली, ‘फॉरवर्डेड’ ही खूण त्याच महिन्यात आली. एप्रिल 2020 पासून दुहेरी बाणाचा, म्हणजे बऱ्याचदा फॉरवर्ड होत आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. पण ही मर्यादा फॉरवर्ड मोजते. यंत्राने प्रत्येक ग्रुपसाठी नव्याने लिहिलेला मेसेज फॉरवर्ड नसतोच, त्यावर बाण येत नाही. बाण नाही म्हणजे माणसानेच लिहिलंय, असं धरू नका.

फोटोवर अदृश्य शिक्का मारण्याची योजना आहे, गूगलचं सिंथआयडी, किंवा फाइलला उगमाची माहिती जोडण्याची, अनेक कंपन्यांनी मिळून केलेलं सीटूपीए. जो शिक्का मारतो तो मुळात लपवत नसतो, हीच अडचण. शिवाय फाइलला जोडलेली माहिती दोन-चारदा पाठवण्यात बऱ्याचदा गळून जाते.

सरकारच का ठरवत नाही काय खरं आणि काय खोटं?

केंद्राने 2023 मध्ये नियम बदलून आपल्या कारभाराबद्दलची खोटी माहिती ठरवायला स्वतःचंच तथ्य-तपासणी पथक नेमायचं ठरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचा निकाल विभागला गेला, मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी 20 सप्टेंबर 2024 ला तो बदल घटनाबाह्य ठरवला. आम्हाला तो निकाल योग्य वाटतो. अनुदान मिळालं नाही म्हणणाऱ्या शेतकऱ्याची पोस्ट खरी की खोटी, हे अनुदान देणाऱ्याने ठरवायचं?

तक्रार कुठे आणि कोणत्या कायद्याने?

जवळचं पोलीस ठाणं किंवा जिल्ह्याचा सायबर विभाग. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइनही देता येते, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 ला फोन. तोतयेगिरी करून फसवणुकीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66डी लागतं. अफवेने लोकांत घबराट किंवा दोन गटांत वैर पसरवण्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 353, आणि गटांत तेढ वाढवण्याला कलम 196.

मी गावच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. कुणी काही टाकलं तर मला उचलतील का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही. तुमचा त्याच्याशी संगनमत किंवा समान हेतू होता हे दाखवावं लागेल. मात्र ॲडमिनच्या हातात सभासद घेणं आणि काढणं एवढंच असतं, असं त्या निकालात धरलं होतं. 2022 पासून दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय ॲडमिनला मिळाली आहे, तेव्हा “माझ्या हातात काय होतं” हे उत्तर आता तितकं सहज चालणार नाही. तणावाच्या दिवसांत ‘फक्त ॲडमिन पाठवू शकतात’ ही सेटिंग लावून ठेवा, कुणी रुसला तर रुसू द्या. आणि वाईट मेसेज डिलीट करायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा. पोलीस पहिल्यांदा तोच मागतात.